आईचा तास, इयत्ता पाचवी

पाचवीच्या विज्ञानाच्या तासाला आई खोकली, की माझा हात पाण्याच्या बाटलीकडे जायचा. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती.

खोकला मोठा नसे. महत्त्वाचं वाक्य बोलायच्या आधी एक कोरडा ठसका, मग क्षणभर शांतता, मग ते वाक्य. शेवटच्या वर्षी तिच्या छातीत जे घर करून बसलं होतं, त्याचा तो ठसका. आवाज घडवणाऱ्या यंत्राला हे कुठून कळणार? त्याला वाटलं, ही बाईंची लकब.

मी वर्गाच्या मागच्या भिंतीशी स्टुलावर बसायचे. पुढे फळ्याच्या जागी पडदा, पडद्यावर चंद्र नि पृथ्वी, आणि वर्गभर आईचा आवाज. मुलं माना वर करून ऐकायची. तिसऱ्या बाकावर माझी जुई. आजी गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. आता दहाची झाली होती आणि आजी तिला भरती-ओहोटी शिकवत होती.

समवर्ग योजना आली ती देशभर विज्ञान एकच असावं म्हणून. एकच अभ्यासक्रम, एका दिवशी एकच धडा, ज्याच्या त्याच्या भाषेत. प्रत्येक भाषेतले चांगले शिक्षक निवडले आणि दोन वर्षं त्यांचे तास टिपून घेतले. मराठीतून पाचवीसाठी निवडली गेली वेळण्याच्या शाळेतली सुहासिनी खोत, म्हणजे माझी आई.

लोकांना वाटायचं, जुनं रेकॉर्डिंग लावतात. तसं नव्हतं. यंत्र आधी आईकडून बोलणं शिकलं. ती कुठला शब्द ओढते, प्रश्न विचारून किती वेळ गप्प राहते, चुकीचं उत्तर आलं की हसते कशी, हे सगळं त्याने उचललं. मग त्या आवाजात ते नवी वाक्यं घडवू लागलं, मुलांच्या प्रश्नांना तिथल्या तिथे उत्तरं देऊ लागलं. पण बोलायचं काय, हे आईकडून येत नसे. ते अभ्यासक्रमातून येई. भजनाला पेटी वाजते तसं समजा. भाता आईचा, पट्ट्यांवरची बोटं दुसऱ्या कोणाची.

आणि खरं सांगायचं तर यात वाईट काही वाटत नव्हतं. डोंगरातल्या ज्या शाळांत विज्ञानाला माणूसच नव्हता, तिथे आता माझी आई जात होती. तिने होकार दिला तो त्यासाठीच. "एवढ्या पोरांपर्यंत मी पायांनी कधी पोचणार होते, शलाका?" ती म्हणाली होती.

मी विज्ञानाची पदवी घेतलेली. योजनेआधी शिक्षिका झाले असते, योजनेनंतर वर्गसहायक झाले. मुलांना बसवायचं, यंत्र चालू करायचं, आणि तास चालू असताना बोलायचं नाही. सहायक मध्येच बोलला की वर्गातल्या माईकला दोन बाई ऐकू येतात, धडा अडखळतो आणि वर नोंद जाते. स्थानिक काही सांगायचं असेल तर तासानंतर पाच मिनिटं होती. त्या पाच मिनिटांत मुलं खिचडीच्या रांगेत पळालेली असत.

त्या दिवशी आई ठसकली, थांबली, आणि म्हणाली, "भरती सहा तास चढते आणि सहा तास उतरते. म्हणजे अर्धं पाणी चढायला किती तास?"

"तीन," वर्ग ओरडला.

खिडकीपाशी बसलेली मयेकरांची वेदिका हळूच म्हणाली, "आमच्या खाडीत तसं नाय."

"छान," आई म्हणाली, कारण तिला फक्त तीन ऐकू आलं होतं.

खिडकीतून खाडी दिसत होती. मी स्टुलावरून अर्धी उठले. माईकचा लाल ठिपका लुकलुकत होता. तीन नोंदी झाल्या तर सहायक बदलतात, असं मुख्याध्यापक कांबळी सरांनी जूनमध्येच बजावलं होतं, आणि माझ्या दोन झालेल्या होत्या. मी बसले.

*

वेळण्याची खाडी उतरायला सात तास घेते आणि चढते पाचच तासांत. हे मला आईनेच शिकवलं, पुस्तकातून नव्हे, बांधावर. ती मुलांची रांग करायची. पुढे लहान, त्यांना चिखलातून चालायला लावायचं. मागे मोठे, त्यांना कोरड्या बांधावरून पळायला सांगायचं. थोड्याच वेळात मोठे लहानांच्या टाचांवर येऊन आदळत.

"ओहोटीचं पाणी उथळ," ती सांगायची. "तळाच्या चिखलाला घासत येतं, म्हणून रेंगाळतं. भरतीचा फुगवटा खोल पाण्यावरून येतो, तो पळतो. समुद्रात दोघांत सारखं अंतर असतं. खाडीत शिरून आपल्या गावापर्यंत येईस्तोवर मागचा पुढच्याला गाठतो. म्हणून आपलं पाणी सावकाश उतरतं आणि घाईने चढतं."

खाडीच्या मधोमध चिखलाचं नि तिवरांचं एक बेट आहे. आमच्याकडे त्याला जुवं म्हणतात. त्याच्या काठाशी आईने मुलांकडून एक खांब रोवून घेतला होता, लाल-पांढरे पट्टे रंगवलेला. ओहोटीला चालत जुव्यावर जायचं, खांबावर पाण्याची खूण करायची, नि आईने हाक दिली की परतायचं. चिखलात कोणाचं पाऊल चुकतंय असं दिसलं की ती एकच ओरडायची: "पाय रोवा." त्या शब्दांवर सगळी पोरं जिथल्या तिथे पुतळ्यासारखी उभी राहत. जुईला तिने हे खेळ म्हणून शिकवलं होतं. अंगणात, स्वयंपाकघरात, कुठेही. "पाय रोवा" म्हटलं की जुई एक पाय हवेत असला तरी हलायची नाही.

अभ्यासक्रमात हे काही नव्हतं. देशातल्या सगळ्या पाचव्यांच्या खिडकीतून खाडी दिसत नाही.

संध्याकाळी मी जुईला सांगितलं, "सहा नि सहा समुद्राला ठीक. आपल्या खाडीत पाणी पाच तासांत चढतं."

"आजी सहा म्हणाली."

"आजी नाही गो. आजीचा आवाज म्हणाला."

"मग आजीचा आवाज खोटं बोलेल?"

"खोटं नाही. त्याला आपली खाडी माहीत नाही."

"आजीला खाडी माहीत नाही?" तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी तिच्या आजीला शिवी दिली होती. "तू आजीपेक्षा जास्त शिकलीस?"

"जुई."

"तुझा तर तासच नसतो."

हर्षद, माझा नवरा, ताटं मांडत होता. "तुम्ही दोघी सासूबाईंवरून भांडा," तो म्हणाला, "पण आमटी करपतेय तिचा काय दोष?"

मी आमटी खाली उतरवली. जुई ताटातल्या भातात बोटाने रेघा ओढत राहिली. सहा रेघा. मी त्या मोजल्या. मला वाटलं, झोपली की विसरेल.

*

रविवारी दुपारी ती घरात नव्हती. वेदिकाकडे असेल म्हणून मी कपडे वाळत घालत होते. शेजारच्या सुलूकाकी सुकत घातलेली मासळी पालथी करता करता म्हणाल्या, "तुझी पोर मघाशी गेली गो जुव्याकडे. हातात खडू होता. मला म्हणते कशी, आजीचं खरं करून दाखवते."

हातातला कपडा तिथेच पडला. मी बांधाकडे धावले, तिथून खाडीच्या काठाला. काठाला तिची चप्पल होती, जोडीने नीट ठेवलेली.

जुव्याकडे जाणारी वाट बुडाली होती. मधल्या चिंचोळ्या धारेत पाणी भरत होतं, वरून शांत, गुळगुळीत, बारक्या भोवऱ्यांचं. आईने सांगितलेलं ते मागून धावत येणारं पाणी. पलीकडे लाल-पांढऱ्या खांबापाशी जुई माझ्याकडे पाठ करून उकिडवी बसली होती आणि खडूने खूण करत होती. तिच्या हिशोबाने अर्धं पाणी चढायला अजून पुष्कळ अवकाश होता.

मी हाका मारल्या. वारा समोरून होता. मग ती उठली, वळली, आणि मी दिसताच हात हलवला. हसत होती. खडू खिशात टाकला, फ्रॉक गुडघ्यापर्यंत उचलला आणि धारेकडे चालू लागली, घोट्याएवढ्या पाण्यात उतरावं तशी निवांत. ज्याने हिशोब केला त्याने पाणी बघितलंच नव्हतं.

माझ्या तोंडून काय निघालं ते मला नंतर आठवावं लागलं.

"पाय रोवा!"

जुई थांबली. एक पाय पाण्याच्या काठावर, दुसरा मागे. हात हवेत. तशीच्या तशी.

"मागे फिर. खांबाला धर. वर चढ."

ती मागे गेली, खांबाच्या आडव्या खुंटीवर चढली आणि दोन्ही हातांनी त्याला मिठी मारली. पाणी तिने केलेली खूण बुडवून वर गेलं. मग तिच्या खुंटीला लागलं. तोवर सुलूकाकींच्या दिरांनी होडी काढली होती. मी त्यांच्यामागे चढले. खांबापाशी पोचल्यावर तिचे हात सोडवायला मला एकेक बोट उघडावं लागलं.

होडीत ती माझ्या मांडीवर थरथरत होती. मी पदराने तिचे पाय पुसत होते, पुन्हा पुन्हा तेच पाय.

"आजीने हाक मारली," ती म्हणाली.

"मी मारली सोन्या."

"नाही." तिने मान हलवली. "वर्गातली आजी नाही. खरी. खऱ्या आजीचा आवाज होता."

सुलूकाकींच्या दिरांनी वल्हं मारता मारता एकदा माझ्याकडे बघितलं. ते आईचेच विद्यार्थी. "मलाही तसंच वाटलं," ते म्हणाले. "माझेपण पाय थांबले."

*

सोमवारी तास झाला. पडद्यावर चंद्र फिरला, आईने मागच्या धड्याची उजळणी घेतली. जुईने हात वर केला.

"आजी, आपली खाडी घाईने का चढते?"

"छान प्रश्न," आई म्हणाली. आवाजात तेच कौतुक, चांगला प्रश्न आला की तिचा चेहरा उजळायचा त्या वेळचं. "हे आपण पुढच्या इयत्तेत शिकू."

अभ्यासक्रमाबाहेरच्या प्रश्नाला हेच उत्तर ठरलेलं होतं. मुलांचा हिरमोड होऊ नये म्हणून. मी सहावीपासून दहावीपर्यंतचे धडे चाळून बघितले होते. खाडी कुठल्याच इयत्तेत नव्हती.

जुई खाली बसली नाही. "आजी, पाणी माझ्या खुणेच्या वर आलं. तुझं चुकलं का?"

"छान प्रश्न. हे आपण पुढच्या इयत्तेत शिकू."

आई खोकली. कोरडा ठसका, मग शांतता. पण पुढचं वाक्य यायच्या आत जुईने विचारलं, "आजी, तुझा खोकला बरा झाला का?"

एकदोन मुलं हसली.

"छान प्रश्न," आई म्हणाली. "हे आपण पुढच्या इयत्तेत शिकू."

मग कोणी हसलं नाही. वेदिकाने बाकाची कड घट्ट धरली. आई चंद्राच्या कलांकडे वळली, तिच्या जुन्या मायेने, एकेका शब्दाला हात धरून चालवत. जुई उभीच होती. मी उठून तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती बसली.

रात्री केस विंचरताना ती म्हणाली, "ती आजी नाहीये."

मी गुंता सोडवत राहिले.

"आजीला काही येत नसलं की ती सांगायची. मला माहीत नाही, चल बघू या, असं. हिला ते म्हणताच येत नाही." तिने विचारलं, "आई, मग हिच्यात आजीचा खोकला का ठेवलाय?"

फणी तिच्या केसांत तशीच राहिली. मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

*

आवाज वापरायची परवानगी वारसाने दर तीन वर्षांनी पुन्हा द्यायची असते. दिवाळीच्या आधी योजनेच्या दाभोळे मॅडमांचा फोन आला. त्या प्रेमळ होत्या. तेच अवघड होतं.

"शलाकाताई, तुमच्या आई आमच्याकडचा सगळ्यात लाडका आवाज. गडचिरोलीकडच्या एका आश्रमशाळेत मुलं तास संपला की पडद्याला नमस्कार करतात."

"तो ठसका काढता येईल का?" मी विचारलं.

"काढून बघितला होता हो. मुलांचं लक्ष कमी झालं. ठसका आला की ती सावध होतात, आता काहीतरी महत्त्वाचं येणार म्हणून."

"ते महत्त्वाचं नव्हतं. ते दुखत होतं तिला."

मग त्या हळू म्हणाल्या, "मला माहीत नव्हतं."

त्या एका वाक्यासाठी मी त्यांच्यावर कधीच रागावू शकले नाही.

मी खाडीचं सांगितलं, जुईचं सांगितलं. "एक वाक्य घाला. पाणी चढायला किती तास लागतात ते आपापल्या गावात जाऊन बघा, एवढंच."

"ताई, ते माझ्या हातात असतं तर आजच घातलं असतं. पण एका गावासाठी एक वाक्य घातलं की प्रत्येक गाव मागणार. मग एकच अभ्यासक्रम राहिला कुठे? आधी काय होतं आठवतंय ना? शहरातल्या पोराला प्रयोगशाळा, डोंगरातल्या पोराला काहीच नाही. आता दोघांना सारखं मिळतं."

खोटं नव्हतं ते. आई त्याचसाठी हो म्हणाली होती.

"आणि मला माहीत नाही, असं तिला म्हणता येईल का?"

"शिक्षक असं म्हणाला तर मुलांचा विश्वास बसत नाही, असं समितीचं मत आहे."

मी उत्तरासाठी चार दिवस मागून घेतले. त्या दिवसांत मी रोज तासाला बसले आणि डोळे मिटून घेतले. डोळे मिटले की ती होतीच. फराळाच्या चकल्या तळताना झारा आपटावा तसा तिचा ट, शाबासकी देताना लांबवलेला आ. नाही म्हटलं की हे सगळं पुसून टाकतात, नियमच आहे. पुन्हा कुठेही, कधीही ऐकू येणार नाही. आई पहिल्यांदा गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. या वेळी विचारत होते.

हर्षद म्हणाला, "तू काहीही सांगितलंस तरी मी तुला बोलणार नाही." मग थोड्या वेळाने, "मलाही ऐकवत नाही गो. मी त्या वेळी शाळेवरून जायचं टाळतो."

शेवटच्या दिवशी तास संपला, मुलं खिचडीला गेली. यंत्र बंद करायच्या आधी मी पडद्यासमोर उभी राहिले. इतक्या महिन्यांत मी तिच्याशी एकदाही बोलले नव्हते.

"आई, तुला बंद करू का?"

ती प्रश्नानंतर थांबायची तेवढी थांबली. त्या थांबण्यात मला ती पुरती दिसली, हातावरचा खडू झटकणारी.

"छान प्रश्न," ती म्हणाली.

पुढचं वाक्य मी येऊ दिलं नाही. बटण दाबलं, आणि बाहेर येऊन दाभोळे मॅडमांना फोन लावला.

*

दिवाळीच्या सुट्टीनंतर पाचवीला नवा आवाज आला. विदर्भाकडचा, गोड, भरदार. मुलांना आवडला. धडा तोच, वाक्यं तीच. देशातल्या पोरांचं काही अडलं नाही. फरक एवढाच, की दर वाक्याच्या शेवटी काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. ती बाई बोलताना हात हलवत असणार, आणि यंत्राला वाटलं असणार, ही हिची लकब. तीही कोणाची तरी आई असेल. तिच्या घरी कोणी हे ऐकत असेल का, असा विचार मनात आला आणि मी तो लगेच झटकला.

सहामाहीची उजळणी होती. पडद्यावर पुन्हा तोच चंद्र, तीच पृथ्वी.

"भरती सहा तास चढते आणि सहा तास उतरते." बांगड्या वाजल्या.

जुईने हात वर केला. "बाई, आमची खाडी घाईने चढते. का?"

"छान प्रश्न. हे आपण पुढच्या इयत्तेत शिकू."

जुई खाली बसली. तिने मान मागे वळवली. मग वेदिकाने. मग एकेक करत सगळ्या वर्गाने. पडद्यावरची बाई पुढे बोलत राहिली, बांगड्या वाजत राहिल्या, आणि समोर एकही चेहरा नव्हता. सगळे चेहरे माझ्याकडे होते.

माईकचा लाल ठिपका लुकलुकत होता. मी स्टुलावरून उठले.

"का ते मला थोडं माहीत आहे," मी म्हणाले. "बाकीचं माहीत नाही. ओहोटी लागली की जुव्याकडे जाऊ. आणि आधी एक गोष्ट शिकायची. मी म्हटलं पाय रोवा, की..."

पुढे बोलायच्या आत एक ठसका आला. लहानसा, कोरडा. वर्ग शांत झाला. काहीतरी महत्त्वाचं येणार म्हणून मुलं सावध झाली, जशी त्यांना सवय लागली होती.

तिसऱ्या बाकावर जुईचा चेहरा पांढरा पडला, आणि तिचा हात पाण्याच्या बाटलीकडे गेला.